चॅम्पियनची केळीतुला

आमच्या चॅम्पियननी भाजी कधी किलोवर घेतली नाही. बऱ्हाणपूरच्या लालबाग बाजारात ज्या बायका गोणपाटावर वांग्यांचे, टोमॅटोचे वाटे मांडून बसतात, त्यांच्याकडेच ते जायचे. तागडी घेऊन बसलेल्या भाजीवाल्यासमोरून जायची वेळ आली, की मान दुसरीकडे. किराणा घेतला तर पाकीटबंद. घरी पाहुणे येणार असले आणि मावा जिलेबी आणायची असली, तर हाताने ढिगाचा आकार दाखवून "इतनी दे दे" म्हणायचे. दुकानदार सवयीने काट्याकडे वळला, की हे पायरी उतरून रस्त्याकडे तोंड करून उभे. रेल्वे स्टेशनवर पूर्वी रंगीत दिवे लुकलुकणारं वजनाचं यंत्र होतं. ते फलाटावरून हटवलं गेलं, त्यानंतर कितीतरी दिवस चॅम्पियन त्या जागेला वळसा घालूनच चालत.

बऱ्हाणपूरसारख्या गावात असं वागून दिवस काढणं सोपं नाही. इथे केळीच्या ट्रकांना काटा, कापसाला काटा, सुताला काटा. रद्दीवालासुद्धा हातात काटा झुलवत गल्लीतून ओरडत जातो. गावाचा निम्मा व्यवहार काट्यावर चालतो आणि आमचे घरमालक त्याला भूत पाहिल्यासारखे भ्यायचे.

हा माणूस एके काळी राज्याचा बँटमवेट चॅम्पियन होता. म्हणजे मुष्टियुद्ध खेळायचा, आणि चोपन्न किलोच्या आतल्या गड्यांत त्याच्यासमोर टिकणारा कोणी नव्हता. वडील चोपड्याकडून नेपानगरच्या कागद कारखान्यात कामाला आले, तिथल्या वसाहतीत हे वाढले. वसाहतीच्या क्लबात कॅरमच्या टेबलाशेजारी वाळूची एक गोणी टांगलेली असायची. एका निवृत्त फौजीने या काटकुळ्या मुलाला तिच्यासमोर उभं केलं. पुढे सलग तीन वर्षं राज्याचं विजेतेपद यांच्याकडे होतं. त्याच जोरावर कारखान्यात नोकरी लागली. पन्नाशीतच स्वेच्छानिवृत्ती घेऊन लालबागेत घर बांधलं, आणि त्या घराच्या वरच्या मजल्यावर मी भाड्याने आले. मी रावेरकडची, इथल्या शाळेत गणित शिकवते. माझे यजमान भुसावळला रेल्वेत, शनिवारी येणार आणि सोमवारी जाणार. त्यामुळे खालचे हे दोघं नवराबायकोच माझी रोजची माणसं होती. गेल्या पौषात चॅम्पियन गेले. दारावरच्या पाटीवर त्यांचं नाव होतं, पण त्या नावाने त्यांना हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. पोस्टमनसुद्धा चॅम्पियनच म्हणायचा.

पहिल्या आठवड्यातच मी भांडायला खाली गेले होते. पहाटे अंधारात अंगणातल्या फरशीवर दोरीचा फट्‌फट् आवाज सुरू व्हायचा आणि थांबायचाच नाही. पाहते तर अर्ध्या चड्डीतले, डोक्यावरचे केस पिकलेले गृहस्थ दोरीवरच्या उड्या मारतायत. मी म्हटलं, "अहो काका, लोक झोपलेत." ते म्हणाले, "बस्स, हो गया, मॅडम," आणि उड्या मारत राहिले. त्यांचं ते 'हो गया' मी पुढे कित्येक वर्षं ऐकलं. हळूहळू मला त्या आवाजाशिवाय जाग येईनाशी झाली. गजराचं घड्याळ मी शाळेतल्या शिपायाला देऊन टाकलं.

बोलताना त्यांची हनुवटी डाव्या खांद्याआड असायची. नवख्या माणसाला वाटे, यांना कमी ऐकू येतं. मग तो मोठ्याने बोले. तो मोठ्याने बोलला, की चॅम्पियन आणखी आत जात. शेवटी समोरचा ओरडतोय आणि हे खांद्याच्या आडून त्याला न्याहाळतायत, असं दृश्य आमच्या ओट्यावर आठवड्यातून एकदा तरी असायचं. एकदा मला म्हणाले, "डोळ्यात नका पाहू, मॅडम. डोळे खोटं बोलतात. छातीकडे पाहा. माणूस हलायच्या आधी छाती हलते." हा सल्ला मला स्टाफरूममध्ये वापरता येईना. तसं मी सांगितलं, तेव्हा काकू स्वयंपाकघरात पदर तोंडाला लावून हसत बसल्या आणि चॅम्पियनना बराच वेळ कळलंच नाही, आपलं काय चुकलं ते.

काकू म्हणजे त्यांच्या पत्नी. शांत बाई. नवऱ्याला मिळालेल्या ढालींवर त्या दिवाळीला रांगोळीच्या वाट्या ठेवायच्या, आणि सगळ्यांत मोठ्या चषकात कपड्यांचे चिमटे. चॅम्पियनना त्याचं काही वाटत नसे. "काम तो आ रहा है," म्हणायचे. त्यांना मूलबाळ नव्हतं. त्याबद्दल दोघांपैकी कोणी कधी बोललं नाही, आणि मीही विचारलं नाही.

त्यांनी कोणाला मारलेलं मी पाहिलं नाही. पण न मारलेलं पाहिलं आहे. गावातल्या राजपुऱ्यात आमच्या ओळखीच्यांकडे लग्न होतं. वरातीत एक दांडगा पोरगा पिऊन आला होता. कुणाचा तरी धक्का लागला, त्याने चॅम्पियनच्याच अंगावर हात टाकला. आम्ही बायका किंचाळलो. चॅम्पियननी दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि नुसती मान हलवत राहिले. त्याचा एक ठोसा कानाजवळून गेला, एक डोक्यावरून गेला, एक तर बँडवाल्याच्या ढोलावर बसला. पाय जागचे हलले नाहीत. थोड्या वेळाने तो पोरगा घामाघूम होऊन रस्त्याच्या कडेला बसला आणि रडायला लागला. चॅम्पियननी त्याच्यासाठी चहा मागवला. परत येताना मी विचारलं, "एक तरी द्यायची होती ना?" म्हणाले, "गरजच नै पडली. तो स्वतःलेच मारून राहिला होता." त्यांचे डोळे असे चमकलेले मी पुन्हा पाहिले नाहीत.

खेळ सुटला कसा, हे मी आल्या आल्या विचारलं होतं. कावीळ झाली, असं ते म्हणाले. गावालाही तेच माहीत होतं. राष्ट्रीय स्पर्धेच्या ऐन तोंडावर कावीळ झाली, अंगातली ताकद गेली, पोरगा संपला. इथले जुने लोक अजून हळहळत सांगतात. मी ते खरं धरून चालले. काट्याच्या भीतीचा आणि काविळीचा काही संबंध असेल असं मला कधी वाटलं नाही. विक्षिप्त माणूस आहे, एवढं म्हणून मी सोडून दिलं होतं.

मग एका वर्षी थंडी सरता सरता दोरीचा आवाज बंद झाला. मी शाळेत सलग तीन दिवस उशिरा गेले, तेव्हा माझ्या ध्यानात आलं. खाली जाऊन पाहिलं तर चॅम्पियन शाल गुंडाळून पलंगावर बसलेले. "जेवण जात नै," म्हणाले. काकूंनी लिंबाचं लोणचं, ताकातली ज्वारीची कण्हेरी, सगळं करून पाहिलं होतं. गळ्याजवळची हाडं वर आली होती. तपासण्यांत महिना गेला आणि जळगावच्या डॉक्टरांनी पोटात गाठ असल्याचं सांगितलं. ऑपरेशन करण्यासारखी नाही, पण सलाईनमधून औषध दिलं तर आवर घालता येईल, आणि उशीर करू नका, असं ते म्हणाले.

मी त्यांच्याबरोबर होते. नर्सने आत बोलावलं आणि भिंतीकडे हात दाखवला. "बाबा, चप्पल काढून याच्यावर उभे राहा." चॅम्पियननी काट्याकडे पाहिलं, वळले, आणि चालायला लागले. जिन्याचा कठडा धरून धरून खाली उतरले आणि स्कूटरींच्या रांगेत जाऊन उभे राहिले. काकूंनी विनवलं, मी विनवलं. त्यांचं एकच, "पंचावन लिहा म्हणा. काही पण लिहा." नर्स गॅलरीतून वाकून हसत होती. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी आम्हा दोघींना बसवून समजावलं. औषध वजनावर ठरतं. कमी पडलं तर गाठ ऐकणार नाही, आणि जास्त झालं तर औषधच त्यांना घेऊन जाईल. "घरी मोजा, झोपेत मोजा, कसंही करा. पण मला अंदाज नको. आणि लवकर."

त्या दिवशी घरी आल्यावर काकूंनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. चॅम्पियन बाहेर डोळे मिटून पडले होते. काकू हळू आवाजात बोलल्या.

"कावीळबिवीळ काही नव्हती. माझ्यामुळं झालं ते."

लग्नाला चार महिने झाले होते. राष्ट्रीय स्पर्धा जबलपूरला होती आणि तिथे काकूंची मावशी राहायची, म्हणून नवी नवरी बरोबर निघाली. चॅम्पियन वजनाच्या अगदी काठावर होते. तीन दिवस अन्न बंद, पाणी ओठ ओले करण्यापुरतं. काकूंना हे सगळं नवीन. गाडीच्या डब्यात समोर नवरा बसलेला, गालफडं आत गेलेली. दुपारी इटारसी सुटलं, तेव्हा काकूंनी पाहिलं, की नवऱ्याचे ओठ फुटलेत, डोळ्यांत पाणी आलंय. काकूंच्याने राहवलं नाही. माहेरचा फिरकीचा तांब्या त्यांनी उघडला आणि पुढे केला. "ते नाही म्हणतील असं वाटलं होतं. पण त्यांनी अख्खा तांब्या तोंडाला लावला. मला बरं वाटलं हो. म्हटलं, माझ्या हातून पाणी प्यायले."

दुसऱ्या दिवशी सकाळी वजनं झाली. चोपन्नच्या वर एवढासा काटा सरकला. उतरा, म्हणाले. एकही ठोसा न मारता तीन वर्षांचा चॅम्पियन स्पर्धेबाहेर गेला. कारखान्याने पुन्हा पाठवलं नाही, आणि त्यांनीही पुन्हा हातमोजे घातले नाहीत.

"घरी आल्यावर यांनी कावीळ सांगितली," काकू म्हणाल्या. "माझं नाव घेतलं नाही. सासू माझी कडक होती, मला उभं राहू दिलं नसतं. यांनी मला कुणाच्या बोलण्यात येऊ दिलं नाही. मला पण कधी एक शब्द बोलले नाहीत. असा नवरा कुणाला मिळतो, सांगा. म्हणून काट्यासाठी मी त्यांना जबरदस्ती नाही करू शकत. कोणत्या तोंडानं करू?"

मी त्यांचा हात धरून बसले. एका तांब्याभर पाण्याचं ओझं ही बाई इतकी वर्षं वागवत होती, आणि मी वरच्या मजल्यावर राहून मला पत्ता नव्हता.

वाट सापडली ती शेठजींमुळे. शेठजी केळीचे व्यापारी, चॅम्पियनचे जुने दोस्त. तरुणपणी त्यांच्या लढती बघायला ट्रकमधून माणसं भरून न्यायचे. चॅम्पियनना एकसष्टावं लागत होतं. शेठजी घरी आले आणि म्हणाले, "भाभी, सत्कार करेंगे. एकसष्टी धूमधाम से. और चॅम्पियन की तुला करेंगे, केळीची! मेरी वखार में." आपल्याकडे एकसष्टीला माणसाची तुला करतात. मोठ्या तराजूच्या एका पारड्यात त्याला बसवायचं, दुसऱ्यात गूळ, पेढे, जे काय असेल ते ठेवायचं, आणि मग ते वाटून टाकायचं. बऱ्हाणपुरात केळीच असणार.

काकू नको म्हणायला तोंड उघडत होत्या, तेवढ्यात मी त्यांचा हात दाबला. मी गणिताची बाई. समीकरणाच्या एका बाजूला माणूस असेल आणि दुसऱ्या बाजूला केळी, तर माणसाला काट्यावर चढवायची गरज नाही. केळी चढवायची. वाटण्याआधी ती केळी शेठजींच्या काट्यावर गेली, की डॉक्टरांचा आकडा आपल्या हातात.

शेठजींना बाहेर ओट्यावर नेऊन सांगितलं. आजाराचं त्यांना माहीत होतं, पण किती ते माहीत नव्हतं. खिशातून रुमाल काढून त्यांनी नाक पुसलं. "हो जाएगा, मॅडम," एवढंच म्हणाले.

चॅम्पियनना काकूंनी विचारलं. आम्हाला वाटलं, ते भडकतील. पण ते म्हणाले, "तुला म्हणजे काटा नै. त्यात आकडा नसते. त्यात फक्त बरोबरी होते." मग म्हणाले, "तुझी इच्छा आहे का?" काकू हो म्हणाल्या. "तं मग बसतो."

शेठजींनी कुठल्या तरी बंद पडलेल्या जिनिंगमधून कापसाच्या गाठी तोलायचा जुना लाकडी तराजू आणला होता. वखारीच्या तुळईला तो टांगला होता. एका पारड्यात गादी, पांढरी चादर. चॅम्पियन नवं धोतर, नवा कुडता घालून आले. कुडता खांद्यावरून ओघळत होता. काकूंनी औक्षण केलं. दोघांनी हात धरून त्यांना पारड्यात बसवलं. मांडी घालून, हनुवटी डाव्या खांद्याआड घेऊन ते बसले आणि समोरच्या पारड्याकडे बघत राहिले.

एकेकाने येऊन केळीची एकेक फणी ठेवायची होती. शेठजींनी निवडक केळी बाजूला मांडून ठेवली होती, चांगला कमरेएवढा ढीग. कारखान्यातले जुने सोबती आले, शेजारी आले. टाळ्या वाजत होत्या. फण्या चढत होत्या. आणि निम्मा ढीग संपायच्या आतच चॅम्पियनचं पारडं जमिनीवरून उचललं.

टाळ्या बंद झाल्या. बाजूला एवढी केळी उरलेली दिसत होती आणि पारडं वर येत होतं. सगळ्यांना सगळं समजलं. कुणी कुणाकडे पाहीना. शेठजींनी झटकन वाकून दोन मोठ्या फण्या उचलल्या. दोस्ताची तुला आपल्या वखारीत इतक्या थोडक्या केळीत व्हावी, हे त्यांना सहन होईना. मान वाढवायचा होता त्यांना. ते आता त्या फण्या टाकणार, एवढ्यात काकूंनी त्यांचं मनगट धरलं.

"भाऊ, नाही. एक केळंसुद्धा जास्त नको."

इतकी शांत बाई, पण असं बोलल्या की शेठजींनी फण्या खाली ठेवल्या. दोन्ही पारडी समोरासमोर येऊन हलकेच डोलत राहिली. मी चॅम्पियनकडे पाहिलं. ते काकूंच्या त्या धरलेल्या हाताकडे बघत होते.

संध्याकाळी शेठजींचा मला फोन आला. आधी नुसते खाकरले. मग म्हणाले, "शेहेचाळीस, मॅडम. दो बार देखा." मी डॉक्टरांना आकडा कळवला. कसा काढला तेही सांगितलं. त्यांनी सोमवारचा दिवस दिला.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी खाली चहाला बसले होते. चॅम्पियन पलंगावर टेकून, काकू ताटात तांदूळ निवडत होत्या. चॅम्पियननी सहज विचारलं,

"किती भरली केळी?"

मी काकूंकडे पाहिलं. त्यांनी मान वर केली नाही. "चोपन्न," त्या म्हणाल्या.

चॅम्पियन हसले. हसता हसता खोकला आला. "चोपन्न! अवं, माझी जिंदगी गेली केळीच्या मुलखात. समोर किती फण्या चढल्या ते मले दिसत नै का? पन्नास पण नसतील. अन् तू शेठचा हात काहून धरला, ते समजत नै का मले?"

काकू तांदळातला खडा शोधत राहिल्या.

"माझ्यासाठी खोटं बोलली तू," ते म्हणाले. आवाज बदलला होता. "नको बोलू. खोटं बोलायचं काम माझं आहे. छत्तीस वर्षं तेच करून राहिलो."

मी उठायला लागले. "बसा, मॅडम," म्हणाले. "तुम्ही असल्या तं माझ्यानं बोलणं होईल."

मग ते काकूंकडे पाहून बोलले. छातीकडे नाही, सरळ डोळ्यांकडे.

"इटारसीले मी गाडीतून उतरलो होतो. तोंड धुऊन येतो म्हटलं होतं. आठवतं तुले? तोंड नव्हतं धुतलं. पुरीभाजी खाल्ली. उभ्यानं. एक पत्रावळ खाल्ली, मग अजून एक घेतली. भाजीचा वास आला अन् माझे पाय माझ्या ताब्यात राहिले नै. डब्यात आलो तं तोंडात नुसती आग. जहर तिखट होती ती भाजी. तू म्हणाली, अहो, ओठ किती फुटले. तांब्या पुढं केला. मी रिकामा केला."

काकूंचे हात थांबले होते. "डोळ्यांत पाणी होतं तुमच्या," त्या म्हणाल्या. "मी पाहिलं होतं."

"मिरचीचं होतं."

चॅम्पियननी शालीचं टोक सारखं केलं.

"सकाळी मले काट्यावरून उतरवलं. बाहेर आलो तं तू पायरीवर बसून रडत होती. माझ्या पाण्यानं झालं, माझ्या पाण्यानं झालं. मी म्हटलं, सांगू. गाडीत सांगू. गाडीत नै सांगितलं. मग घरी सगळे विचारायले लागले अन् माझ्या तोंडून कावीळ निघून गेलं. तू माझ्याकडे अशी पाहिली, जसं काही मी तुले वाचवलं. त्याच्यानंतर काय सांगू? रिंगमध्ये मार खायले मी कधी भ्यालो नै. पण हे सांगायची हिंमत झाली नै. काटा दिसला का मले तूच दिसायची. त्या पायरीवर."

मला वाटलं, आता काकू रडतील. त्या रडल्या नाहीत. ताट खाली ठेवून उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या आणि दार लावून घेतलं.

मला चॅम्पियनचा राग आला. खरंच आला. एवढा आजारी माणूस समोर, त्याचे गुडघे शालीतूनही टोकदार दिसतायत, आणि मला त्याला ओरडावंसं वाटत होतं. एक पुरीभाजी खाल्ली म्हणून कोण कोणाला फासावर देतं? लग्नाच्या चौथ्या महिन्यात सांगितलं असतं तर दोघं हसले असते. त्यांनाही ते कळत होतं. म्हणूनच ते मान खाली घालून बसले होते, आणि पहिल्यांदाच हनुवटी खांद्याआड नव्हती.

सोमवारी आम्ही जळगावला गेलो. काकूंनी डबा घेतला, कागद घेतले, शाल घेतली, पण नवऱ्याशी शब्द नाही. "त्यांना म्हणावं, खिडकीपाशी बसू नका," असं मला सांगायच्या. दवाखान्यात नर्स कागद चाळत होती, तेवढ्यात चॅम्पियन आपणहून भिंतीपाशी गेले. चप्पल काढली. घड्याळ काढलं. सदरा काढून माझ्या हातात दिला. "बाबा, सदरा राहू द्या," नर्स म्हणाली. त्यांनी ऐकलं नाही. बनियनवर, ताठ उभे राहून ते काट्यावर चढले आणि समोर पाहत राहिले. नर्सने आकडा वाचला. शेहेचाळीसच. आमची केळी खरी निघाली. काकू भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता वाचत होत्या.

औषध लागू पडलं. दिवाळीपर्यंतचे महिने बरे गेले. चॅम्पियन पुन्हा बाजारात जायला लागले, आणि एकदा तर तागडीवाल्याकडून पाव किलो गवार घेऊन आले. अर्धा तास ते त्या पिशवीचीच गोष्ट सांगत होते. पण मला सांगायचं आहे ते त्याआधीचं, पहिल्या सलाईननंतरच्या एकादशीचं.

काकूंची एकादशी निर्जळी असायची. दर पंधरवड्याला दिवसभर पाण्याचा थेंब नाही, आमच्याकडच्या वैशाखातसुद्धा नाही. मी पुष्कळदा म्हटलं होतं, देव काही एवढा छळवादी नाही, घोटभर तरी घ्या. त्या म्हणायच्या, सवय झाली आता. मला वाटे, भाविक बाई आहे. हे एकादशीचं व्रत कधी सुरू झालं, ते मी विचारलं नव्हतं. विचारायची गरजही उरली नव्हती. जबलपूरहून आल्यावर सुरू झालं असणार, हे मला स्वयंपाकघराचं दार लागलं तेव्हाच उमगलं होतं.

त्या दिवशी शाळेला सुट्टी लागली होती. दुपारचं ऊन अंगणात तापत होतं. मी खाली बसून चॅम्पियनना पेपर वाचून दाखवत होते. अजूनही काकू त्यांच्याशी बोलत नव्हत्या. तोंडाला चव नसल्याने चॅम्पियन कसंबसं नाचणीचं सत्त्व पीत होते. काकू आतून आल्या. हातात पाण्याने भरलेला तांब्या आणि भांडं. मला वाटलं, त्यांच्यासाठी आणलं. चॅम्पियननाही तसंच वाटलं असावं, त्यांनी हात पुढे केला.

काकू त्यांच्या पलंगासमोर उभ्या राहिल्या. भांडं भरलं, आणि स्वतःच्या तोंडाला लावलं.

चॅम्पियनचा हात तसाच राहिला. आज कोणती तिथी आहे, ते त्यांना माहीत होतं. काकू डोळे न मिटता, त्यांच्याकडे बघत पीत होत्या. घाईघाईने, मोठमोठे घोट. पाणी हनुवटीवरून गळ्यावर ओघळत होतं, पदर भिजत होता. भांडं रिकामं झालं. त्यांनी दुसरं भरलं. चॅम्पियनचे डोळे वाहायला लागले, आणि या वेळी तोंडात सत्त्वाशिवाय काही नव्हतं.

"हळू पी," ते कसेबसे म्हणाले. "ठसका लागंल."

"लागू दे," काकू म्हणाल्या, आणि तिसरं भांडं भरलं.